नगर स्टेशनवर ठेवलेला पाळणा

ही गोष्ट खरी आहे. कुणाकडून ऐकलेली नाही, माझ्या स्वतःवर गुदरलेली आहे. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच पोटभर हसून घ्यावं. मधे हसलेलं मला खपत नाही.

माझं नाव चांगुणा. वय पंच्याहत्तरीच्या आसपास. माझ्या धाकट्याचा मुलगा मोबाईलवर असल्या भुताखेतांच्या पानावर रोज काहीतरी वाचत बसतो. परवा म्हणाला, "आजी, भुतं रात्रीचीच येतात ना?"

मी म्हटलं, मेल्या, तुला काय माहीत! माझ्या बाबतीत घडलं ते भर दुपारी सुरू झालं आणि दिवेलागणीला संपलं.

म्हणजे... संपलं असं आम्ही धरून चाललो.

मी सांगतेय, तो लिहून घेतोय.

साल १९७१. माघ महिना. ठिकाण नगर रेल्वे स्टेशन. आता अहिल्यानगर म्हणतात, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय.

माझं माहेर श्रीरामपूरजवळ. बेलापूर स्टेशनला गाडीत बसायचं. माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली. नाव ठेवलं मंजुळा. पण पोर अशी रडकी, की पलीकडच्या वस्तीवरचे लोक माझ्या आईला विचारायचे, "राहीबाई, नात हाय का भोंगा हाय?"

सारखं दूध पाहिजे, सारखं रडणं, आणि दुपटी ओली करायची ती तर विचारूच नका. दोरीवर जागा उरायची नाही.

पण माझा जीव होता हो तिच्यात. पहिलं लेकरू होतं.

तिसरा महिना सरला आणि सासरची माणसं न्यायला आली. माझ्या सासूबाई भागूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. आणि धाकटे दीर सूर्यभान, म्हणजे माझे भाऊजी. आमचे हे खडकीला कारखान्यात होते, त्यांना रजा मिळाली नाही.

निघताना आईनं पाळणा दिला. आमच्यात पहिल्या लेकराचा पाळणा माहेरनं द्यायची रीत. सागवानी पाळणा, वर रंगीत लाकडी चिमण्या, पितळी कड्या आणि साखळ्या. पण रिकामा पाळणा एका घरातून दुसऱ्या घरी न्यायचा नसतो. म्हणून आईनं वरवंटा घेतला. बारशाला नाही का आपण वरवंटा बाळासारखा नटवतो, पाळण्याच्या वरून-खालून देतो-घेतो? तोच. त्याला मंजुळाची कुंची घातली, तिच्याच दुपट्यात गुंडाळला आणि पाळण्यात निजवला. वरून गोधडी लपेटली.

"घरी पोचल्यावं आदी लेकरू ठिवायचं पाळन्यात, मंग वरवंटा काढायचा," आई म्हणाली. "आन चांगुणे, ध्यानात ठेव. वाटंत त्याला पोरीच्या नावानं हाक मारायची न्हाई. थट्टंनंबी न्हाई."

"का गं?"

"न्हाई म्हंजी न्हाई."

आईचं असंच असायचं. कारण विचारलं की कपाळाला आठ्या.

गाडी दुपारच्या आत नगरला पोचली. दौंडकडं जाणारी पुढची गाडी संध्याकाळी होती. भाऊजींनी सगळं आधीच ठरवून ठेवलेलं.

"आये, जल्मात कदी चांदबिबीचा महाल बघितलास का? आज दावतो तुला. वहिनी, तुमीबी चला. हितं बसून काय माशा मारायच्या?"

आत्याबाई नाही-नाही म्हणत होत्या, पण डोळ्यांत हौस दिसत होती. जन्मभर चूल आणि शेत. त्यांना कोण कुठं फिरवणार होतं? मी पण मान डोलावली.

सामान ठेवायची खोली प्लॅटफॉर्मच्या टोकाला होती. लोक तिला नुसतं लगेज म्हणायचे. जाळीची खिडकी, जाड दार, आणि आत फिलिपबाबू म्हणून एक वयस्क कारकून. माणूस भला. त्यांनी ट्रंक घेतली. वळकटी घेतली. पाळण्यापाशी मात्र अडले.

"कुलूप नसलेलं सामान ठेवता येत नाही, बाई. नियम आहे."

आता पाळण्याला कुलूप कुठून आणायचं? तुम्हीच सांगा!

भाऊजींनी डोकं चालवलं. पाळण्याच्याच साखळ्या गोधडीवरून गच्च आवळल्या, कड्यांमधून ओवल्या आणि वर कुलूप ठोकलं. किल्ली कनवटीला लावली.

बाबू हसले. "एवढ्या कडीकुलपात काय आहे तरी काय?"

आणि भाऊजी बोलून गेले...

"आमची मंजुळा हाय झोपलेली. जपून ठिवा बरं का."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण थट्टेला चढले की त्यांना आवर नसायचा. त्या बोचक्यावर थोपटलं, वाकले आणि म्हणाले, "मंजे, हितंच ऱ्हा हां गुमान. आमी येस्तवर हलायचं न्हाई."

मला आईचं बोलणं आठवलं.

"भाऊजी! असं काय बोलता?"

"अवो वहिनी, दगूड हाय त्यो!"

आत्याबाईंनी लेकाच्या पाठीत धपाटा घातला. "मुडद्या, तोंड आवर की जरा."

बाबूंनी बोचकं आत नेलं. दार लागलं.

आणि माझ्या कडेवर सकाळपासून रडत असलेली मंजुळा...

गप्प झाली.

खरं सांगते, मला तेव्हा बरंच वाटलं. कान किटून गेले होते माझे.

टांग्यानं माळीवाड्यात गेलो, गणपतीचं दर्शन घेतलं. केवढी ती मूर्ती! आत्याबाई बघतच राहिल्या. मग बाहेरूनच किल्ल्याचा खंदक बघितला. एका झाडाखाली बसून आईनं दिलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मी पोरीला पदराखाली घेतलं.

ती प्यायली नाही.

तोंडच उघडलं नाही तिनं. ओठ गच्च मिटलेले. आणि डोळे मात्र टक्क उघडे.

"झोप आली आसंल," आत्याबाई म्हणाल्या.

मी लंगोट चाचपला.

कोरडा.

सकाळी गाडीत बदलला होता तोच. आमची मंजुळा, जी घटकेला दुपटं भिजवायची... आणि तिचा लंगोट कडकडीत कोरडा. नव्या सुनेनं कुठं प्रत्येक गोष्ट बोलून दाखवायची? आणि सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा फिरायला निघालेल्या. त्यांच्या आनंदात कुठं मोडता घालू?

पाथर्डी रोडच्या एस.टी.त बसलो. महालाच्या पायथ्याशी उतरलो. वर चढायला लागलो.

आणि मला धाप लागली.

मी शेतकऱ्याची पोर. डोक्यावर भारा घेऊन बांधाबांधानं चालणारी. तीन महिन्यांचं लेकरू घेऊन मला धाप लागावी? पण पोर जड लागत होती. वळणावळणाला जास्तच जड. या हातावरून त्या हातावर घेतलं. मग भाऊजींकडं दिलं. त्यांनी घेतलं आणि त्यांचा हात खाली गेला.

"वहिनी, काय चारलं हो हिला म्हायेरी?" ते हसले. पण हसणं अर्ध्यावर राहिलं. त्यांनी पोरीच्या पायाला हात लावून बघितला. मग गुपचूप मला परत दिली.

मी पण पाय चाचपले.

गार.

वर ऊन होतं. आम्हाला घाम फुटला होता. आणि पोरीचे पाय गार... पहाटेच्या जात्यासारखे.

आता लोक म्हणतील, त्या महालात थडगं आहे, तिथलंच काहीतरी लागलं असेल. उगीच महालाला बोल लावू नका! तिथं काही नव्हतं. छान वारा होता, खाली सगळं नगर दिसत होतं. आत्याबाई पोरीसारख्या हरखून बघत होत्या. जे व्हायचं ते दुपारीच सुरू झालं होतं.

मी तिला चिमटा काढला. होय, पोटच्या पोरीला. दंडाला, जोरात.

ती रडली नाही. पापणीसुद्धा हलली नाही.

"आत्याबाई," मला रडूच फुटलं, "माझी पोर रडत न्हाई हो!"

आत्याबाईंनी पोरीच्या तोंडाकडं बघितलं. नाकापाशी बोट धरलं. त्यांचा चेहरा उतरला.

"श्वास हाय," त्या म्हणाल्या. "सूर्यभान, चल खाली. आत्ताच्या आत्ता."

खाली आलो तर एस.टी.चा पत्ता नाही. उभे राहिलो. सावल्या लांबत गेल्या. माझे हात भरून आले होते, पण मी पोरीला सोडत नव्हते. भाऊजी रस्त्यावर मधोमध जाऊन येरझारा घालत होते. मला एकच दिसत होतं. माझी पोर माझ्या हातावर असून चालली होती. कुठं चालली होती ते कळत नव्हतं.

शेवटी एका ट्रकवाल्यानं घेतलं. स्टेशनवर आलो तेव्हा बत्त्या लागत होत्या.

लेकराचे कपडे या वेळेला घराबाहेर राहू देत नाहीत. तुमच्या आईला विचारा, सांगेल. आणि माझ्या पोरीची कुंची त्या खोलीत होती.

आम्ही प्लॅटफॉर्मवर चढलो आणि...

मला ऐकू आलं.

रडणं.

लांबून. प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाकडून. लेकराचं रडणं. आधी हुंदका, मग लांब सूर, मग श्वास अडकल्यासारखं थांबणं, आणि परत.

मी जागच्या जागी उभी राहिले.

ते रडणं माझ्या मंजुळाचं होतं.

आणि मंजुळा माझ्या हातावर होती. गप्प. गार. डोळे टक्क उघडे.

कुणाला काही वाटू देत, मी सांगते. दिवसभर माझं दूध आटल्यासारखं झालं होतं. पोर हातावर असून पान्हा नव्हता. आणि ते रडणं कानावर पडलं तसा... पान्हा फुटला. चोळी भिजली. मी हातातलं लेकरू घट्ट धरून उभी, आणि माझं अंग त्या बंद खोलीकडं ओढ घेत होतं.

मी पळाले.

दाराबाहेर फिलिपबाबू स्टुलावर बसले होते. आत नव्हते, बाहेर बसले होते. हातात माळ होती, गळ्यातल्या क्रूसाची. मला बघून उठले.

"बाई," ते म्हणाले, "दुपारपासून चाललंय. तुम्ही गेलात आणि लगेच सुरू झालं. मी दोनदा दार उघडून बघितलं. उघडलं की थांबतं. आत कुणी नाही."

"उघडा," मी म्हणाले.

"बाई..."

"अहो, उघडा!"

त्यांनी किल्ली फिरवली. दार करकरलं.

आणि रडणं थांबलं. आई आलेली दिसल्यावर लेकरू थांबतं ना, तसं.

आत एक मिणमिणता दिवा. ट्रंका, वळकट्या, कुणाचं तरी शिलाई मशीन. आणि कोपऱ्यात आमचं बोचकं. साखळ्या तशाच आवळलेल्या. कुलूप तसंच.

भाऊजींनी कनवटीची किल्ली काढली, पण पुढं होईनात. शेवटी आत्याबाईंनी हिसकावून घेतली आणि कुलूप काढलं. गोधडी बाजूला केली.

वरवंटा होता. कुंची घातलेला, दुपट्यात गुंडाळलेला. आम्ही ठेवला तसाच.

मी हात लावला...

ऊबदार होता. ताप आलेल्या लेकराच्या अंगासारखा.

आणि दुपटं ओलं होतं. तो वास आईला सांगावा लागत नाही.

बाहेर घंटा झाली. आमची गाडी येत होती.

"सूर्यभान," आत्याबाई हळूच म्हणाल्या, "तू त्याला नाव घिऊन बशीवलंस ना हितं?"

भाऊजी लहान पोरासारखे रडायला लागले. "आये, मी थट्टा केली गं... थट्टा केली..."

"गप. चांगुणे, आन ती पोर हिकडं."

त्यांनी माझ्या हातातून मंजुळाला घेतलं. पाळण्यात वरवंट्याशेजारी निजवलं. दोघांवर आपल्या लुगड्याचा पदर टाकला.

"पाठ फिरव," मला म्हणाल्या.

मी पाठ फिरवली.

मला काही दिसलं नाही. फक्त त्यांचा आवाज ऐकू आला. "मंजुळे, चल बाई. आमी आलो. चल घरला." परत परत. आवाज इतका मऊ, की त्या माझ्याशी तसं कधी बोलल्या नव्हत्या.

फिलिपबाबू दारात पुटपुटत होते. इंजिनाचा धडधडाट जवळ येत होता.

आणि मग... एकदम टाहो. खणखणीत!

आत्याबाईंनी माझ्या हातात लेकरू दिलं. गरम. हलकं. हातपाय झाडणारं. माझ्या छातीशी आलं आणि तोंड घालायला लागलं. प्यायला लागलं. माझ्या हातावरच ओलं केलं. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

"वरवंटा घरला न्यायचा न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे हितंच."

त्यांनी तो तसाच, दुपट्यासकट, कोपऱ्यात ठेवला. फिलिपबाबू दारातून बाजूला सरले. पाळणा रिकामा न्यायचा नाही म्हणून आत्याबाईंनी त्यात वळकटी ठेवली, भाऊजींनी सामान उचललं. आम्ही गाडीत चढलो. जागा मिळाली. मंजुळा पिऊन पिऊन मांडीवर झोपली. ओठाच्या कडेला दुधाचा थेंब. पोट टम्म.

गाडी हलली.

आणि...

परत तेच रडणं.

खोलीतून. आधी हुंदका, मग लांब सूर, मग श्वास अडकल्यासारखं थांबणं.

मी मांडीवर बघितलं. मंजुळा गाढ झोपलेली.

खिडकीतून बघितलं. फिलिपबाबू त्या दारापाशी उभे होते, दोन्ही हात कानांवर ठेवून.

आणि माझा पान्हा पुन्हा फुटला. आत्ताच तर पाजलं होतं. तरी पदर भिजत चालला. मी उठले. पोरीला घेऊन दाराकडं निघाले असते, देवाशपथ, पण आत्याबाईंनी माझं मनगट पकडलं. हाडं दुखेपर्यंत.

"बस खाली."

"आत्याबाई, तिकडं..."

"मलाबी ऐकू येतंय. बस खाली. मागं बघू नगंस."

मी बसले.

गाडीनं वेग घेतला. रडणं लांब गेलं. आणखी लांब. मग चाकांचाच आवाज राहिला.

त्या दिवसाबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. भाऊजींनी पुढं कुणाच्या लेकराला कधी उचललं नाही, स्वतःच्या सुद्धा. ते गेले आता. आत्याबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा एकदा मी धीर केला. विचारलं, "आत्याबाई, पदराखालून तुम्ही काय काढलंत?"

त्यांनी नजर आढ्याकडं वळवली.

"पदराखाली आंधार हुता," म्हणाल्या. "जे रडलं ते उचललं. आन तुला दिलं. आजून काय करायचं हुतं मी?"

मी त्यांचे पाय चेपत बसले. त्यांना तरी कसा दोष देऊ?

मंजुळा आता पन्नाशीच्या पुढं आहे. दोन मुलं, संसार, सगळं व्यवस्थित. कित्येक वर्षं मी तिच्यात काहीतरी वेगळं शोधत होते. झोपेत बघायची, पाय गार आहेत का चाचपायची. काही सापडलं नाही. तिच्यासारखी मायाळू पोर मिळायची नाही. माझं दुखणंखुपणं तीच बघते. ती माझी आहे. माझीच आहे.

गेल्या वर्षी आम्ही दोघी रेल्वेनं माझ्या माहेरी चाललो होतो. नगर आलं. गाडी थांबली. मी खिडकी खाली ओढली आणि खिट्टी लावली.

"आई, काय गं हे, किती उकडतंय!" मंजुळा म्हणाली. "आणि चल ना खाली, चहा घेऊ. कितीतरी वेळ थांबते इथं."

"धूळ येते," मी म्हटलं. आणि तिचा हात धरून ठेवला. गाडी सुटेपर्यंत सोडला नाही. ती हसली, म्हातारी झालीस म्हणाली.

तिला कसं सांगू? त्या दिवसानंतर त्या स्टेशनवर मी आजपर्यंत पाय ठेवलेला नाही. लोकांना वाटतं मी भुताला भिते. भुताला कोण भितंय? मी उतरले, आणि त्या टोकाकडून कुणी मला आई म्हणून हाक मारली... तर मी हिचा हात सोडून जाईन. ते मला पक्कं ठाऊक आहे.